मार्गारिटाचा सातबारा

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये, असं आपल्याकडे म्हणतात. ही म्हण रचणाऱ्यानं कॉकटेल चाखलं नसावं. नाहीतर तिसरं नाव त्यानं नक्की घातलं असतं. मार्गारिटाचं मूळ शोधायला निघालेला माणूस पहिल्या पेल्यात गोंधळतो आणि दुसऱ्या पेल्यानंतर ती आपणच शोधली, असं सांगू लागतो.

टकीला, संत्र्याच्या सालीची गोडसर लिक्युअर, लिंबाचा रस आणि पेल्याच्या काठाला मीठ. ऐवज एवढाच, पण हक्क सांगणारे इतके, की शेवटी मी हे प्रकरण आमच्या शेजारच्या निवृत्त तलाठ्यांपुढे ठेवलं. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. जन्मभर त्यांनी भावाभावांचे बांधाचे तंटे पाहिलेत. शिवाय दारू पिण्याचा सरकारी परवाना खरोखरच पाकिटात बाळगणारा माझ्या ओळखीचा हा एकमेव माणूस.

"पार्श्वभूमी सांगा," भाऊसाहेब म्हणाले. सांगितली. १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी होती. तहानलेले अमेरिकन सीमा ओलांडून मेक्सिकोतल्या तिहुआनाला जात. दारूबंदी झाली की शेजारचं गाव श्रीमंत होतं, हे दमण पाहिलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

पहिला दावेदार कार्लोस 'डॅनी' हेरेरा. तिहुआनाहून रोसारितोच्या वाटेवर 'रांचो ला ग्लोरिया' हे त्याचं हॉटेल. तिथे १९३८ च्या सुमारास मार्जरी किंग नावाची नर्तिका येई. तिला म्हणे टकीला सोडून बाकी सगळ्या दारूची अ‍ॅलर्जी होती आणि नुसती टकीला तर घशाखाली उतरत नव्हती. मग हेरेरानं लिंबू-मिठाची सोय केली.

"अ‍ॅलर्जीचा डॉक्टरी दाखला जोडलाय?"

"नाही."

"पुढचा."

पुढचा पांचो मोरालेस. ४ जुलै १९४२, हुआरेझ शहरातला 'टॉमीज प्लेस' हा बार. एका बाईनं 'मॅग्नोलिया' मागितलं. ते कसं करतात हे मोरालेसला आठवेना. बाईसमोर तसं कबूल करण्यापेक्षा त्यानं हाताला लागेल ते एकत्र केलं, आणि बाई खूश! पुढे हा गृहस्थ अमेरिकेत गेला आणि कित्येक वर्षं घरोघर दूध घालत राहिला. भाऊसाहेब विरघळले. "माणूस सरळ दिसतो. दूध घालणारा खोटं कशाला बोलेल?" मग त्यांना आमचा गवळी आठवला असावा. ते म्हणाले, "पुढचा."

तिसऱ्या डॅलसच्या श्रीमंत बाई, मार्गारेट सेम्स. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे १९४८ च्या नाताळात अकापुल्कोच्या बंगल्यावरच्या पार्टीत त्यांनी हे पेय केलं. साक्षीदार तालेवार, त्यात हॉटेलवाल्या हिल्टन घराण्यातले टॉमी हिल्टन. पण 'होजे क्वेर्वो' या टकीला कंपनीनं मार्गारिटाच्या नावानं जाहिरात केली होती ती १९४५ साली. म्हणजे पोर जन्माला यायच्या तीन वर्षं आधी बारशाचं निमंत्रण! दावा खारीज.

मग मी ठेवणीतला कागद काढला. १९३७ साली लंडनमध्ये 'कॅफे रॉयल कॉकटेल बुक' छापलं गेलं. त्यात 'पिकाडोर' नावाचं एक पेय आहे: निम्मी टकीला, पाव भाग क्वान्त्रो ही संत्र्याची लिक्युअर, पाव भाग लिंबाचा रस. नाव सोडलं तर मार्गारिटाच. "मेक्सिकोच्या जमिनीची नोंद लंडनच्या दप्तरात?" मी विचारलं. भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "आपल्या नोंदी तरी इतकी वर्षं कुठं होत्या?"

वादातीत हक्क एकाचाच, पण तो यंत्राचा. डॅलसच्या मारियानो मार्तिनेझच्या रेस्तराँमध्ये बर्फाळ मार्गारिटाला इतकी मागणी होती, की बारवाला लिंबं कापून आणि ब्लेंडर फिरवून मेटाकुटीला आला. मार्तिनेझनं दुकानात थंड सरबताचं यंत्र पाहिलं आणि १९७१ साली सॉफ्ट आइस्क्रीमच्या यंत्रातून मार्गारिटा काढली. ते यंत्र आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. मात्र त्यानं पेटंट घेतलं नाही. ज्याच्याकडे पुरावा, त्यालाच मालकीची हाव नाही. भाऊसाहेबांच्या सगळ्या नोकरीत असं प्रकरण आलं नव्हतं.

आता आपला हिस्सा. टकीला निळ्या अगावेपासून होते, तीही हालिस्को आणि मेक्सिकोतल्या इतर ठरवून दिलेल्या मुलखातच. या अगावेची चुलतबहीण म्हणजे आपल्या बांधावरची घायपात. तीही मूळची अमेरिका खंडातली; आपण तिचे दोर वळले आणि कुंपणं केली. डेस्मंड नाझरेथ या भारतीय उद्योजकांनी मात्र दख्खनच्या पठारावरच्या अगावेपासून मद्य काढून दाखवलं, फक्त त्याला टकीला म्हणता येत नाही. आणि मेक्सिकोतलं ते छोटं, पातळ सालीचं लिंबू? ते आणि आपलं कागदी लिंबू एकाच जातीचं. स्पॅनिश लोकांबरोबर ते तिकडे गेलं.

भाऊसाहेब सावरून बसले. "बांध आपला, लिंबू आपलं. अर्ज करू या?"

अर्ज बाजूला ठेवून मी पेला काढला. लिंबाची फोड काठाच्या फक्त बाहेरून आणि अर्ध्याच भागावर फिरवायची, मग तेवढाच भाग मिठात टेकवायचा. आत मीठ पडलं की पेय खारट होतं. अर्धा काठ कोरा राहिला की पिणाऱ्याला निवड राहते. बारवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं प्रमाण ५० मिली टकीला, २० मिली ट्रिपल सेक (तीच संत्र्याची लिक्युअर) आणि १५ मिली लिंबाचा रस. भरपूर बर्फ घालून शेकर हलवायचा, तो बाहेरून पांढरा पडून बोटांना चटका बसू लागेपर्यंत. मग गाळायचं.

वारस कोण, याचा निकाल लागेल तेव्हा लागो. तुम्ही मात्र टकीला शंभर टक्के अगावेचीच घ्या आणि लिंबू आयत्या वेळी पिळा. बाटलीतलं तयार मिश्रण ओतून त्याला मार्गारिटा म्हणणाऱ्याचं नाव या सातबाऱ्यावर इतर हक्कातसुद्धा लावू नका.