श्रेयांकांचा तक्ता आखणाऱ्या महोदयांस

रा. रा. तक्ताकार महोदयांच्या सेवेशी,
सावेडीहून साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपले नाव आम्हास ठाऊक नाही. नव्या शैक्षणिक धोरणाच्या २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयापासून आपले तक्ते मात्र घरोघरी पोचले आहेत, आणि यंदा आमची धाकटी बी.एस्सी. केमिस्ट्री करायला निघाल्यामुळे आपल्या प्रतिभेचे दर्शन अगदी जवळून घडले.

पहिल्या सत्राचे २२ श्रेयांक. त्यांत भाषा आहे, मूल्यशिक्षण आहे, कौशल्य आहे, भारतीय ज्ञानप्रणाली आहे. शोधल्यावर केमिस्ट्रीही सापडली: दोन श्रेयांक थिअरीचे, दोन प्रॅक्टिकलचे. थिअरीचा एक श्रेयांक म्हणजे १५ तास, म्हणजे सबंध सत्रात अवघे ३० तास. या विषयाला वेळ लागतो असा आमचा उगाच गैरसमज होता. तो दूर केल्याबद्दल आभारी आहोत.

आमच्या वेळचा प्रकार फारच गावठी. पहिल्या वर्षी चार विषय, दुसऱ्या वर्षी तीन, तिसऱ्या वर्षी एकच. कुणालाही समजत असे. त्याला काय आराखडा म्हणायचे?

आता आपल्या औदार्याबद्दल. धाकटीने अकरावीलाच गणित सोडून जीवशास्त्र घेतले होते. तरीही केमिस्ट्रीचे दार आपण तिच्यासाठी सताड उघडे ठेवलेत. आत गेल्यावर अभिक्रियेच्या वेगाचे सूत्र काढायला इंटिग्रेशन लागते, थर्मोडायनॅमिक्सला पार्शल डेरिव्हेटिव्ह लागतात, आणि पुढे श्रॉडिंगर नावाचे गृहस्थ वाट पाहत उभे असतात. हे दारावर लिहून आपण कुणाचा विरस केला नाहीत.

आम्ही भाबडेपणाने म्हटले, ओपन इलेक्टिव्हमध्ये गणितच घेऊ या. तेव्हा कळले की ओपन इलेक्टिव्ह विद्यार्थ्याच्या विद्याशाखेबाहेरचेच हवे. केमिस्ट्रीवालीला टुरिझम चालेल, गणित चालणार नाही. काय ही दूरदृष्टी! समीकरण सुटले नाही, तर निदान सहल तरी आखता येईल.

आयआयटीवाले मात्र अजून जुन्याच वळणाचे. एम.एस्सी.साठी ते जी ‘जॅम’ परीक्षा घेतात, तिच्या केमिस्ट्रीच्या अभ्यासक्रमात मूलभूत गणित चक्क छापलेले आहे. आपण त्यांना दोन शब्द सांगाल तर बरे होईल. तोवर आम्ही धाकटीला गणिताच्या खासगी क्लासला घातले आहे. तिथे श्रेयांक मिळत नाहीत, म्हणून असेल, थेट पहिल्या धड्यापासून शिकवतात.

श्रेयांकांच्या बँकेबद्दल तर किती आभार मानावेत! कमावलेले श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे टिकतात म्हणे. आम्ही नगरकर पतसंस्थांना सरावलेली माणसे, त्यामुळे ठेव परत कधी मिळणार हे आधी विचारायची खोड जात नाही. राग मानू नये.

मन रमले नाही तर वर्षभरातच, वर चार श्रेयांकांचे कौशल्य जोडून, सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडायचीही सोय आपण ठेवलीत. नागापूर एमआयडीसीतल्या प्रयोगशाळा अशा उमेदवारांसाठी दार लावूनच घेत नसतील.

आता एक क्षुल्लक विनंती. आपल्या तक्त्यात विषय आहे, प्रकार आहे, तास आहेत, श्रेयांक आहेत. त्यात ‘याआधी काय आलेले असावे’ असा एखादा बारीक रकाना मावेल का? जागा नसेल तर आमच्या वाट्याचे टुरिझमचे दोन श्रेयांक खुशाल कापावेत.

कळावे, लोभ आहेच, तो वाढू नये ही विनंती.

आपला कृपाभिलाषी,
एक पालक, सावेडी, अहिल्यानगर

ता. क. : श्रेयांक कापायला उशीर झाला, धाकटीने टुरिझम घेतलेसुद्धा. आपण कधी इकडे आलात तर ती आपल्याला भुईकोट किल्ला हौसेने दाखवील. वेगाचे सूत्र मात्र तेवढे विचारू नये.