बिनतोंडाच्या यजमानाकडे

मराठी माणूस प्रवासाला निघाला की पहिला प्रश्न विचारतो, 'तिथे जेवायची सोय काय?' आमच्या मेहुण्यांनी तो नागपूरच्या स्टँडवरच विचारला. निघालो होतो गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीला, टसर रेशमाचा पतंग पाहायला. ताईला कोशाची साडी हवी होती. मेहुण्यांच्या मते साडीचे भाव ऐकण्यापेक्षा किडा पाहणं स्वस्त.

उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी करत एसटी वैनगंगेच्या पुलावर आली, तोवर डब्यातल्या पुऱ्या संपल्या होत्या. पलीकडे झाडीपट्टीतली ऑगस्टअखेर : धानाच्या बांध्या तुडुंब आणि मागे ऐनाचं रान.

एका ऐनाखाली गोफण घेऊन राखणदार बसले होते. कावळे, मुंग्या, गांधीलमाश्या सगळ्यांना झाडावरच्या टसरच्या अळ्या आवडतात. तेव्हा दिवसभर पहारा.

"हळू बोला भाऊ, किडे झोपून राहिले."

मेहुण्यांना आधी नुसती पानंच दिसली. मग एका हिरव्या पानाला पाय असल्याचं लक्षात आलं. अळी चांगली पंजाएवढी! कात टाकण्याआधी ती खाणंपिणं सोडून गपगार बसते. असं चार वेळा. एरवी महिना-सव्वा महिना चरणं हाच उद्योग. अंड्यातून आठ-दहा दिवसांत बाहेर येते तेव्हा असते मुंगीएवढी, आणि पहिला घास घेते तो स्वतःच्याच अंड्याच्या टरफलाचा. मग तिला पानांच्या द्रोणात घालून झाडावर चढवायचं. झाडाची पानं संपली की दुसऱ्या झाडावर नेऊन सोडायचं.

"म्हणजे जावयाचा थाट!" मेहुणे म्हणाले.

"जावई बरा, भाऊ. सव्वा महिना राहत नाही."

मेहुण्यांनी विषय बदलला.

पोट भरलं की अळी दोन-तीन पानं जवळ ओढते आणि घर बांधायला घेते. आधी फांदीभोवती रेशमाचं कडं, कड्याला कडक देठ, देठाला कोंबडीच्या अंड्याच्या घाटाचा कोसा. वारा येवो, पाऊस येवो, बिऱ्हाड खाली पडत नाही. पावसाळ्यातल्या कोशातून काही आठवड्यांत पतंग निघतो. हिवाळ्यातला मात्र पुढचा सगळा उन्हाळा आत काढतो आणि पाऊस सुरू झाल्यावरच दार उघडतो. विदर्भातला उन्हाळा ज्यांनी पाहिलाय, ते त्याला नावं ठेवणार नाहीत.

संध्याकाळी गावात एका घरी बियाण्याच्या कोशांच्या माळा टांगलेल्या पाहिल्या. काही कोशांची टोकं ओली झाली होती. पतंग रस सोडून टोक मऊ करतो, धागे बाजूला सारतो आणि चुरगळलेले पंख घेऊन बाहेर येतो. पंख वाळून पसरले, की वीतभर रुंद. नर तांबूस, मादी त्याहून थोराड आणि पिवळसर. चारही पंखांवर एकेक गोल पारदर्शक खिडकी, आरपार दिसतं.

मेहुण्यांनी आस्थेनं विचारलं, "आता हे काय खाणार?"

"काही नाही. खायला तोंडच नाही त्याले."

मेहुणे मटकन खाटेवर बसले. पंख आले, रूप आलं आणि तोंड गेलं! अळीपणी साठवलेल्यावर आठवडाभर जगायचं. नरानं पिसांसारख्या मिशांनी वास घेत अंधारात मादी शोधायची, मादीनं दीड-दोनशे अंडी घालायची, संपला संसार. तेही बियाण्यासाठी राखलेल्यांच्या नशिबी. सलग धागा हवा तर पतंग निघायच्या आत कोसा उकळावा लागतो.

साडी घेताना मेहुण्यांनी घासाघीस केली नाही. ताईला ते अजून खरं वाटत नाही.

तुम्ही जाणार असाल तर पावसाळ्यातच जा. डबा बरोबर न्या. रानात हळू बोला. आणि ऐनाखाली उभं राहून वर पाहताना तोंड मिटून ठेवा; पंजाएवढी अळी महिनाभर अखंड खाते, तेव्हा खाली काय पडत असेल याचा हिशेब अवघड नाही.