चेअरमनसाहेबांना खुले पत्र

माननीय चेअरमनसाहेब,
सा. न. वि. वि.

बीडकडून निघालेल्या ऊसतोड मजुरांच्या ट्रॉल्या आपल्या साखर कारखान्याच्या गाळप क्षेत्रात पोहोचल्या असतील. भांडी, शेळ्या, लेकरं, कोयते, सगळं एकावर एक. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजायचा, हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात कोण जाणे!

एवढी माणसं कारखान्यासाठी ऊस तोडतात, पण कारखाना त्यांचा मालक नाही. मालक मुकादम, हंगामाआधी उचल म्हणजे आगाऊ रक्कम देऊन त्यांना बांधून घेणारा. मुकादम म्हणतो, पैसा कारखान्याचा, मी नुसता मधला. कोर्टात जायचं तर प्रतिवादी कोण, इथेच वकील घाम पुसतो. उचल फिटण्याआधी कामगार कोपी, म्हणजे फडाजवळची झोपडी, सोडून निघून गेला, की फसवणुकीची फिर्याद मात्र बिनचूक त्याच्याच नावावर होते.

कायद्याचाही आपल्यावर लोभ आहे. स्थलांतरितांसाठी 1979 मध्ये झालेला कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांपुरता. बीडचा माणूस बेळगावला गेला तर स्थलांतरित, कोल्हापूरला गेला तर पाहुणा! त्या कायद्याची जागा घेणाऱ्या नव्या संहितेनंही ‘आंतरराज्य’ हा शब्द जपून ठेवला आहे.

एक कायदा तेवढा वात्रट: 1976 चा वेठबिगार निर्मूलन कायदा. ही उचल म्हणजे वेठबिगारीचं कर्ज आहे, असं मजुरानं म्हटलं, तर तसं नाही हे उचल देणाऱ्यानं सिद्ध करायचं. कर्ज वेठबिगारीचं निघालं तर ते बुडालं. वसुलीचा दावाही चालत नाही. त्यातच 1982 मध्ये एशियाडच्या मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं, की किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवून घेणं ही सक्तीची मजुरीच.

घाबरू नये. तुरुंगवास तीन वर्षांपर्यंत आहे खरा, पण दंड जास्तीत जास्त 2000 रुपये. एका खाड्याला, म्हणजे गैरहजेरीच्या एका दिवसाला, 500 रुपये कापणारे मुकादम आहेत. म्हणजे दंड चार खाड्यांचा.

सुटका झालेल्या मजुराला केंद्राच्या 2016 च्या योजनेतून किमान एक लाख रुपये मिळायचे असतात. तातडीची मदत वगळता बाकीची रक्कम आरोपी दोषी ठरल्यावर. तोवर तो नवी उचल घेऊन दुसऱ्या फडात मोळ्या बांधत असतो.

कळावे, लोभ असावा.
आपला,
एक साखरखाऊ

ता. क. : पुरावा देण्याचा भार उचल देणाऱ्यावर टाकणारं ते कलम 15 वं. कोपीवर कुणी ते मोठ्यानं वाचू नये, एवढा बंदोबस्त करावा.