कॅशियरकाकूंचा टॅरो

टॅरोचा पहिला संच कुणीतरी भेट द्यावा लागतो, स्वतः घेतलेला लाभत नाही, असं काकूंना भाचीनं सांगितलं. काकूंनी पैसे स्वतःच भरले, डबी काकांच्या हातात दिली आणि समोर उभं राहून ती त्यांच्याकडून भेट म्हणून स्वीकारली. काकांना नक्की काय झालं ते कळलं नाही, पण व्यवहार नियमात बसला.

या काकू नवीन पनवेलला आमच्या समोरच्या दारात राहतात. आधी एसटीनं आणि मग हार्बर लोकलनं मुंबई गाठून, बँकेत कॅश सांभाळून निवृत्त झालेल्या. नव्या पानांशी ओळख व्हावी म्हणून लोक ती उशाखाली घेऊन झोपतात, पौर्णिमेच्या चांदण्यात ठेवतात. पनवेलच्या आषाढात चांदणं कुठून आणायचं? काकूंनी ओल्या स्पंजकडे निघालेलं बोट महत्प्रयासानं आवरलं आणि पानं मोजली. मोठी 22, लहान 56, एकूण 78. दमट हवेनं ती चिकटायला लागली तशी टाल्कम पावडर लावली. तेव्हापासून रोज सकाळी एक पान काढायचं, वहीत तारखेसमोर लिहायचं, रात्री दिवसभराच्या घडामोडींशी टॅली करायचं आणि पुन्हा 78 मोजून रबरबँड लावून कपाटात.

टॅरोत पान उलटं आलं की अर्थ फिरतो. काकूंकडे ते येतच नाही. पिसताना उलटं दिसलं की हात आपोआप सरळ करतो. "गड्डी एका तोंडाची हवी," एवढंच स्पष्टीकरण. त्यामुळे त्यांच्याकडे विचारायला गेलेल्या प्रत्येकाचं सुलटंच निघतं. बिल्डिंगमध्ये त्यांचं नाव झालं ते यामुळेच, असा माझा संशय आहे.

त्यांची पानं 1909 साली लंडनला निघालेल्या संचाच्या धर्तीची. त्याची चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी काढली, आणि लहान पानांवरही नुसती चिन्हं न ठेवता प्रसंग रंगवले. नवशिक्याला पुस्तकाआधी चित्र वाचता येतं ते त्यांच्या कृपेनं. काकू वाचतात. आठ प्याले मागे टाकून रात्री काठी टेकत निघालेला माणूस बघून म्हणाल्या, "शेवटची लोकल गाठायचीय याला." तराजू धरून नाणी वाटणारा सावकार त्यांना फार आवडला. देतोय, पण मापात देतोय!

परवा सकाळी मात्र तलवारींची दश्शी निघाली. पालथा पडलेला माणूस आणि पाठीत दहा तलवारी. काकूंनी भाजीला जाणं रद्द केलं, गॅस दोनदा तपासला, लिफ्ट टाळली. दिवसभर काहीच घडेना, तशा जास्तच घाबरल्या. रात्री मोजणीला डबी उघडली तर आत 26 पानं. आयुष्यभरात कधी एका नोटेचा फरक आला नव्हता, आणि इथे 52 चा तुटवडा!

पानं खाली पार्किंगमध्ये सापडली. काकांच्या कंपूच्या कॅटमधली किलवरची राणी हरवली होती. काकांनी मोठी 22 पानं आणि चार घोडेस्वार बाजूला काढले. उरला तो साधा 52 चा कॅट. तलवारी म्हणजे इस्पिक, प्याले म्हणजे बदाम. मेंढीकोट रंगात आला होता.

"अगं, तुझ्याच पुस्तकात आहे," काका म्हणाले. "पंधराव्या शतकात इटलीत हे खेळायलाच निघाले होते. भविष्यबिविष्य फ्रेंचांनी मागाहून, अठराव्या शतकात घुसडलं."

काकू तोंड उघडणार इतक्यात काकांनी हुकमाचा एक्का आपटला, हात उचलला आणि त्यातलं एक पान नाचवत ओरडले, "मेंढी!"

तलवारींची दश्शी. काकू बघतच राहिल्या. मग चष्मा सावरून म्हणाल्या, "अहो, उलटं धरलंय ते. आधी सरळ करा."