रेघेचा पैसा

आमच्या सदाशिव पेठेत दुसऱ्याचे दोष काढणारे घरोघर आहेत. दोष रोख पैसे मोजून विकत आणणारे एकटे नाना.

त्यांचं आडनाव देत नाही. दिलं तर त्यातला ऱ्हस्व-दीर्घ तपासायला ते स्वतः छापखान्यात जातील. शिवाय असा एखादा नाना प्रत्येक पेठेत असतोच. कुणी अडकित्ते जमवतो, कुणी काडेपेट्यांवरची चित्रं, कुणी बसची जुनी तिकिटं. ओळखायची खूण सोपी आहे. उजव्या डोळ्याला सतत भिंग लावल्यामुळे माणसाशी बोलतानाही यांचा डावा डोळा मिटलेला असतो. नवख्याला वाटतं, हा म्हातारा आपल्याला डोळा मारतोय. आमच्या सोसायटीतल्या एका नव्या भाडेकरूनं पहिल्याच आठवड्यात त्याला उलट डोळा मारून उत्तर दिलं होतं. तेव्हापासून त्या दोघांचं बोलणं नाही.

नानांची ३४ वर्षं सरकारी हिशेबतपासणीत गेली. निवृत्तीच्या दिवशी सरकारनं वह्या ठेवून घेतल्या, लाल पेन मात्र नानांच्या खिशातच राहिलं. मग घरी येणाऱ्या लग्नपत्रिका ते तपासू लागले. एका भाचीच्या लग्नात त्यांनी आहेराच्या पाकिटात पैशांबरोबर दुरुस्त केलेली पत्रिकाही घातली. "सात चुका," ते मला मांडवातच म्हणाले. "पाच मुलाकडच्यांच्या, दोन आपल्या. तरी एकंदरीत आपण वर आहोत."

असा हा माणूस म्हातारपणी एका चुकीच्या प्रेमात पडला.

ती चूक समजण्यासाठी थोडं टांकसाळीत शिरावं लागेल. रुपयाचे १६ आणे आणि ६४ पैसे होते तेव्हाची गोष्ट. १९०६ पर्यंत आपला पैसा, म्हणजे पाव आणा, तांब्याचा होता, चांगला १०० ग्रेन वजनाचा. त्या वर्षी नाण्यांचा नवा कायदा आला, पैसा ब्राँझचा झाला आणि वजन ७५ ग्रेनवर उतरलं. ब्राँझ म्हणजे तांब्यात थोडं कथील, थोडं जस्त. भट्टीत हे तिन्ही नीट एकजीव झाले तर प्रश्न नाही. नाही झाले, तर रसात कुठे कथलाची दाटी, कुठे जस्ताची. काकूंच्या, म्हणजे नानांच्या मंडळींच्या, भाषेत सांगायचं तर पिठलं घोटायचं राहिलं. त्या गुठळ्यांसकट लगड रुळांखाली लाटली जाते. पत्रा जसा लांबतो तशा गुठळ्याही लांबतात आणि त्यांच्या बारीक रेघा होतात. मग त्या पत्र्याच्या चकत्या पाडायच्या आणि त्यांवर राजाचा छाप मारायचा.

नवं नाणं लखलखीत असतं, कुणाला काही दिसत नाही. पण धातू हवा खाऊ लागतो. प्रत्येक रेघ आपापल्या चालीनं काळवंडते, आणि पन्नास-साठ वर्षांनी त्या पैशावर लाकडाच्या नसा उमटतात. दुरून बघाल तर सागवानी फळीचा गोल तुकडा, आणि त्यावर पंचम जॉर्ज, जणू कुणी पाटावर कोरून बसवला आहे.

इंग्लंडात पेनी १८६० साली ब्राँझची झाली, तिच्यावरही अशा रेघा सापडतात. अमेरिकेत तर १९०९ पासूनच्या लिंकनछाप सेंटांवर त्या सापडतात, आणि त्यांच्यावर जीव टाकणारी मंडळी तिकडे बरीच आहेत. पुण्यात नाना आहेत.

आता पुण्यात तांब्याची नाणी जमवायची आणि शिवराई जमवायची नाही, हा गुन्हा आहे. नाण्यांच्या प्रदर्शनात भेटेल तो नानांना पहिला प्रश्न हाच विचारतो. १६७४ च्या राज्याभिषेकाची आठवण, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति', आणि तुम्ही पंचम जॉर्ज घेऊन बसता? नानांचं उत्तर ठरलेलं आहे. "शिवराई मी जमवत नाही, तिला नमस्कार करतो. मी जमवतो ती इंग्रजांची चूक. माझ्याकडे एकशे बारा आहेत. तुमच्याकडे इंग्रजांच्या किती चुका आहेत?"

समोरचा गप्प होतो. इंग्रजांच्या चुका तोंडपाठ असलेली माणसं पुण्यात पुष्कळ आहेत, पण होल्डरमध्ये घालून, नंबर टाकून ठेवलेली चूक कुणाकडेच नसते.

चुकांमध्येही नानांचं सोवळंओवळं आहे. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून केवढा गहजब झाला, रुपये परत घ्यावे लागले, पुढच्या साली हत्तीची सोंड ठळक करून घेतली. नाणी जमवणाऱ्यांना त्या रुपयाचं फार कौतुक. नाना त्याला हातसुद्धा लावत नाहीत. "सगळ्या देशाला दिसली, ती कसली चूक? ती तर तक्रार झाली." चूक म्हणजे कशी, तर करणाऱ्याला कळली नाही, तपासणाऱ्याला दिसली नाही, लाखो लोकांनी ती भाजी घेताना देऊन टाकली आणि शेवटी ती फक्त नानांसाठी उजेडात आली. ३४ वर्षं ज्यांनी इतरांच्या चुका पकडल्या, त्यांना आपल्याआधी टांकसाळीचा तपासनीस गाफील होता हे कळल्यावर काय वाटत असेल? मला वाटतं, त्यांना त्या न पाहिलेल्या तपासनिसाचीच जास्त ओढ आहे.

या रेघांची शहानिशा करायला नाना एकदा कसब्यातल्या तांबट आळीत गेले होते. तिथं अजून हातोडीनं तांब्याला मठारतात, आणि तो ठोकाठोकीचा ठेका गल्लीच्या तोंडापासूनच कानावर पडतो. नानांनी एका जुन्या कारागिरापुढे आपला सर्वांत देखणा पैसा ठेवला. त्यानं तो उजेडात धरला, पालथा केला आणि म्हणाला, "असला पत्रा आला तर आम्ही परत पाठवतो."

दुसरा कुणी खट्टू झाला असता. नाना त्या दिवशी येताना चितळ्यांकडून पावशेर पेढे घेऊन आले. जाणकारानं दोषावर शिक्कामोर्तब केलं होतं.

घरात या छंदाला एकच शत्रू, तो म्हणजे काकूंची स्वच्छता. काकूंच्या मांडणीवरचे तांब्याचे हंडे आणि घंगाळ आरशासारखे. तांबं काळं पडणं हे त्यांच्या दृष्टीनं घराण्याला बट्टा लागण्यासारखं आहे, आणि नाना तर तो काळेपणाच सांभाळत बसलेले. एकाच भिंतीच्या अलीकडे चिंच-मीठ आणि पलीकडे शंभर वर्षांची काजळी. पण वाचकांना जे वाटतंय ते झालेलं नाही. काकूंनी एकही नाणं घासलं नाही. त्या नानांपेक्षा हुशार आहेत. हत्यार वापरून टाकलं की संपलं, हे त्यांना माहीत आहे. नाना वाणसामानाच्या बिलात लाल पेन घालू लागले की त्या स्वयंपाकघरातून नुसतं विचारतात, "अहो, चिंच भिजत घातलीय. तुमचं काही आहे का घासायला?" पेन खिशात जातं.

नाण्याला हात लावायचा तो कडेनं, कारण बोटाच्या घामाचा डाग जन्मभर राहतो. पावसाळ्यात दमटपणा नको, म्हणून नाना ते दाणेदार पांढरे पुडके जमवतात, नव्या बुटांच्या खोक्यात निघतात ते. सोसायटीत कुणीही बूट आणले की पहिली बेल नानांची वाजते. लक्ष्मी रस्त्यावरच्या एका चपलांच्या दुकानात तर ते दर जूनमध्ये जातात. आत बसतात, तीन जोड काढायला लावतात, पुडके घेतात आणि "आठ नंबर चावतो" असं सांगून बाहेर पडतात.

बाकी लोकांना नाणी म्हणजे लॉटरी वाटते. "नाना, वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात म्हणे?" हे विचारायला दर आठवड्याला कुणीतरी येतंच. ते नाणं २०१२ सालचं, भाजीवाल्याच्या गल्ल्यातही सापडेल असं. असल्या जाहिरातींना भुलू नका, हे रिझर्व्ह बँकेला २०२१ मध्ये पत्रक काढून सांगावं लागलं. नानांनी पत्रकाची वाट पाहिली नव्हती. त्यांच्या दारावर त्याआधीच कागद लागला होता: 'देवीची नाणी देवळात द्यावीत. येथे फक्त दोष घेतले जातात.' तो वाचून एक बाई चुकून नवऱ्याला घेऊन आली होती, असं काकू सांगतात. मी यावर विश्वास ठेवलेला नाही, पण गोष्ट मोडवतही नाही.

नानांचं खरं कार्यक्षेत्र म्हणजे जुना बाजार. दर रविवारी आणि बुधवारी तो रस्त्याकडेला पसरतो. गंजलेले पान्हे, बिनकाट्यांची घड्याळं, एका पायाचा बूट, आणि ताडपत्रीवर नाण्यांचा ढीग. नाना ढिगापुढे बसतात आणि पान्ह्याची किंमत विचारतात. मग नळाची तोटी उचलून बघतात. मग जांभई देत, जणू नाइलाजानं, एक पैसा उचलतात. हे नाटक ते दहा वर्षं करताहेत आणि दहा वर्षं तिथला पोरगा ते बघतोय. नानांनी जांभई दिली की तो भाव दुप्पट करतो.

त्या पोरानं पुढं धंद्याची अक्कल चालवली. म्हाताऱ्याला रेघा आवडतात ना? पुढच्या रविवारी ढिगात रेघांचे पैसे तीन निघाले. त्याच्या पुढच्या रविवारी अकरा. नानांचे हात थरथरले, जांभई द्यायचीही राहून गेली. त्यांनी भिंग लावलं, एक पैसा उलटला, पुन्हा सुलटला आणि पोराला जवळ बसवून घेतलं.

"पॉलिशपेपर किती नंबरचा?"

पोरगा ओशाळला. "ऐंशी."

"जाड झाला. आणि हे बघ, पत्रा एकाच दिशेनं लाटतात, तेव्हा रेघा दोन्ही बाजूंना एकाच दिशेत हव्यात. तू पुढून उभ्या मारल्यास आणि मागून आडव्या. असं पीठ कुणी लाटतं का?"

अर्धा तास शिकवणी झाली. मग नानांनी दहा रुपये देऊन त्यांतला सर्वांत वाईट पैसा विकत घेतला. तो आज त्यांच्या संग्रहात एकशे तेरावा आहे. वहीत नोंद आहे: 'टांकसाळ: जुना बाजार, पुणे. दोष: दिशाज्ञान.'

मागच्या दिवाळीआधी या संग्रहासाठी कपाट करायचं ठरलं. सुतार आला, त्यानं सनमायकाचे नमुने पसरले. त्यांतल्या एकावर हुबेहूब सागवानी नक्षी छापलेली होती. नानांचा पारा चढला. "छापील रेघ? माझ्या घरात?" सुताराला कळेना की या गृहस्थाला एवढं झालं काय. तेव्हा नानांनी डबा आणून उघडला.

आजवर आम्ही सगळ्यांनी ती नाणी पाहून "अरे वा" म्हटलं होतं, आणि ते किती खोटं होतं हे त्या दिवशी कळलं. सुतारानं हात पुसले, पेन्सिल कानामागे खोचली आणि एकेका नाण्यावर तो बोलू लागला. "हे सागवान. हा शिसव. हे बघा, हा आंबा, खोक्याचं लाकूड." नाना लिहून घेत होते! आयुष्यात पहिल्यांदा ते दुसऱ्याचं सांगणं न तपासता वहीत उतरवत होते. शेवटी त्यांनी १९१९ चा तो पैसा काढला, जो त्यांनी मुंबईच्या एका लिलावात साडेचार हजारांना घेतला होता. सुतारानं तो बराच वेळ न्याहाळला.

"हे प्लाय आहे, काका."

काकूंनी तोंडाला पदर लावला. नानांनी काही न बोलता दोन अक्षरं वहीत लिहिली, पुढे कंसात 'सुताराचे मत' असं घातलं आणि डबा मिटला.

आठ दिवसांनी कपाट झालं, अस्सल सागाचं. नाना भिंग आणि मोजपट्टी घेऊन पाऊण तास त्याच्यापुढे बसले. मग जिन्यात उभ्या असलेल्या सुताराला त्यांनी हाक मारली. तिसरा खण उजवीकडे दोन मिलिमीटर कललेला होता. "चूक आहे. दुरुस्त करा, मग पैसे."

सुतारानं खण ओढून पाहिला, परत आत सारला आणि हत्यारांची पिशवी खांद्याला लावली.

"राहू द्या काका. शंभर वर्षांनी भाव येईल."

नानांनी दोन्ही डोळे उघडे ठेवून त्याच्याकडे पाहिलं. मग आत जाऊन पूर्ण पैसे आणले, न घासाघीस करता, सुटे मोजून.

खण अजून तिरकाच आहे. आल्यागेल्याला नाना तो आवर्जून दाखवतात. हात मात्र कडेनंच लावायचा.