‘पाव्हणं, कुठलं म्हणायचं?’ : परदेशी निघालेल्या सातारा-सांगलीकरांसाठी सूचनापत्र

इंग्रजी बोलणाऱ्या देशांत निघालेल्या सातारा-सांगलीकराच्या सामानात सहसा काही कमी नसते. कंदी पेढे असतात, भडंग असते, कांदा-लसूण चटणी तीन पिशव्यांत गुंडाळलेली असते. व्हिसा, विमा, इंग्रजीच्या परीक्षेचे गुणपत्रक, सारे जागेवर. राहून जाते ती एकच माहिती : अनोळखी माणूस समोर आला तर त्याच्याशी किती बोलायचे, आणि मुख्य म्हणजे कुठे थांबायचे. म्हणून हे सूचनापत्र. उमेदवाराने ते विमानात बसण्यापूर्वी वाचावे. बसल्यावर शेजाऱ्याला वाचून दाखवू नये.

प्रथम पूर्वपीठिका. उमेदवार वडापमध्ये, म्हणजे खासगी प्रवासी जीपमध्ये, घडलेला असतो. विटा-आटपाडी असो की कराड-पाटण, जीप भरली असे ड्रायव्हर म्हणेपर्यंत ती भरत नाही, आणि तो तसे कधी म्हणत नाही. दुसऱ्याचे पोर मांडीवर आणि तिसऱ्याची भाजीची पाटी पायाशी घेऊन बसल्यावर अनोळखी राहणे शरीरालाच जमत नाही. चौकशीचा क्रमही ठरलेला. ‘पाव्हणं, कुठलं म्हणायचं?’, मग ‘कुणाकडं निघालाय?’, मग नोकरी, लग्न, पगार. पुढचा थांबा यायच्या आत धागा सापडतो : ‘म्हंजे आमच्या आत्तीच्या जावंच्या गावचं की तुम्ही!’ तिथून पुढे भाडे कुणी द्यायचे यावर झटापट. समोरच्याचे अनोळखीपण त्याच्या उतरण्याआधी संपवायचे, एवढाच या साऱ्याचा हेतू. याच यादीत ‘कुणातलं?’ हाही प्रश्न हळूच येतो. तो जात विचारतो, हे विचारणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असते. हा एक प्रश्न विमानतळावर ठेवून जावा. परत येताना उचलला नाही तरी चालेल.

लंडनच्या भुयारी रेल्वेत खांद्याला खांदा लागलेला असतानाही समोरचा तिथे नाहीच, असे समजणे ही सभ्यता. कॅनडात जन्मलेले समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये या वागण्याची रीत नोंदवून ठेवली आहे : क्षणभर पाहायचे, पाहिले एवढे कळू द्यायचे आणि नजर काढून घ्यायची. याचा सराव साताऱ्यात पोवई नाक्यावर उभे राहून करावा. तिसऱ्याच माणसाने ‘काय झालं, चक्कर आली का?’ म्हणून हात धरला, तर सराव वाढवावा. २०१६ मध्ये एका अमेरिकन गृहस्थाने लंडनच्या प्रवाशांत ‘गप्पा मारू या का?’ अशा अर्थाचे बिल्ले वाटले होते. शहर हादरले. ‘माझ्याशी बोलायचा विचारही करू नका’ अशा आशयाचे उलट बिल्लेही लगोलग निघाले.

तेथे एकच विषय सुरक्षित : पाऊस. पण इथे उमेदवाराचा तालुका महत्त्वाचा ठरतो. महाबळेश्वरकडच्याने लंडनच्या पावसाबद्दल सहानुभूती दाखवताना हसू आवरावे. त्याच्याकडे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पडतो, लंडनला सहाशेच्या आसपास. जत-आटपाडीच्या उमेदवाराची अडचण वेगळी. त्याच्याकडे लंडनइतकासुद्धा पडत नाही, पण आकडे फार लांबचे नाहीत. ज्या पावसाला जन्मभर दुष्काळाच्या खात्यात मांडले, त्याहून थोड्याच जास्त पावसावर आख्खे शहर वैतागलेले पाहून त्याने गप्प राहावे. मान हलवली की पुरे.

अमेरिकेत सगळे उलटे. दुकानातली मुलगी हसून ‘कसे आहात?’ विचारते. तिला गुडघ्याचे सांगू नये, गावाकडच्या वाटणीचे तर अजिबात नाही. ‘एकदा घरी या’ या वाक्यातही तारीख शोधू नये. साताऱ्यात असे म्हटलेला माणूस रविवारी खरेच येतो, तिकडे तो येईल असे कुणी धरून चालत नाही. तरी अमेरिकन माणूसही लोकलमध्ये गप्पच बसतो, हे शिकागोत दिसले. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही प्रवाशांना शेजाऱ्याशी बोलायला सांगितले, काहींना गप्प बसायला. बोलणाऱ्यांचा प्रवास जास्त सुखाचा झाला, आणि लोकांचा आधीचा अंदाज नेमका उलटा होता. पुढे लंडनच्या प्रवाशांवरही असाच प्रयोग झाला आणि फळ तेच. विट्याच्या वडापवाल्याने यासाठी अनुदान मागितले नव्हते.

ऑस्ट्रेलियाच्या खेड्यांतला नियम सोपा आहे. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचे एक बोट उचलायचे. बोट उचलले की काम झाले. गाडी थांबवून काच खाली करू नये. पुण्याच्या सिग्नलला एमएच-१० ची पाटी दिसताच ‘सांगलीत कुठं?’ म्हणून ओरडणाऱ्यांना आणि एमएच-५० दिसताच ‘कराडचं का?’ विचारणाऱ्यांना हे जड जाईल.

आता उलट दिशेने येणाऱ्यांसाठी. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या पुस्तकांच्या गावाची प्रेरणा घेऊन ४ मे २०१७ रोजी पाचगणीजवळचे भिलार पुस्तकांचे गाव झाले. वेल्समध्ये पुस्तके दुकानात आणि विकत; भिलारमध्ये ती लोकांच्या घरांत, शाळांत, देवळांत, आणि वाचायला फुकट. परक्या माणसाने सरळ कुणाच्या ओसरीवर जाऊन बसायचे आणि वाचायचे. इंग्रज पाहुण्याला हे सुरुवातीला घरफोडीसारखे वाटेल. घाबरू नये. चहा येईल. चहापाठोपाठ ‘कुठलं गाव?’ येईल. ‘बर्मिंगहॅम’ एवढ्यावर सुटका होत नाही. कशाच्या जवळ, घरी कोण कोण, शेती किती, याची उत्तरे तयार ठेवावीत. ही चौकशी चिकाटीची असते, परक्याला गावचा करूनच सोडते. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस मिशनचे काम करायला आले, त्यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय काढले आणि उमेदीची सारी वर्षे इथेच घालवली. ब्रिटिश सरकारने त्यांना ‘सर’ केले. सांगली-मिरजेने त्यांच्या नावापुढे वाडी जोडली, आणि सिटी बसचे प्रवासी आजही ‘एक वानलेसवाडी’ म्हणून तिकीट मागतात.

निघण्याचे गणित पाहुण्याने वेगळे मांडावे. ‘येतो’ म्हटल्यावर दारात गप्पा सुरू होतात, चपला घातल्यावर पिशवीत काकवीची बाटली येते, अंगणात ‘जेवूनच जावा की’ सुरू होते. त्यामुळे पाचची एसटी गाठायची असेल तर साडेतीनची आहे म्हणून सांगावे.