तासाला दहा रुपये

प्रदर्शनात क्रोशाचं तोरण मांडलं की गिऱ्हाईक आधी ते उलटं करून बघतं, मग मला. "मशीनचं आहे का हो?" नाही हो ताई. स्वेटर विणायला मशीन आलं, पण खरा क्रोशा अजून त्याला जमलेला नाही. म्हणजे रस्त्यावर शंभराला मिळणारा खऱ्या क्रोशाचा रुमालसुद्धा कुणीतरी हातानेच विणलाय. त्या कुणालातरी किती मिळाले, ते न विचारलेलं बरं.

माझं विचारा. किंमत 700. दोरा-मणी 260, टेबलाच्या भाड्याचा वाटा 180. उरले 260. तास लागले 26, त्यातले दोन तास, खांबाचा एक टाका चुकला म्हणून, आठ ओळी उसवण्यात गेले. भागाकार तोंडी होतो, हीच काय ती सोय.

"अडीचशेला द्या. तुमचा तर छंदच आहे!" म्हणजे आनंद मला झाला, तेव्हा पैसे मीच द्यायचे की काय?

शेवटी तोरण वन्सं घेऊन गेल्या. घरचंच म्हणून, फुकट. दारात चपला घालताना म्हणाल्या, "अगं, एवढी कला आहे हातात, याचा बिझनेस का नाही करत?"